माशाच्या ठशाची सुरी

१

चोरीला गेलेली सुरी आमच्याच ट्रंकेतून निघाली, त्या क्षणी मी एका गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत होते की आमचा माल जुना असला तरी सरळ मार्गाने आलेला असतो. वाक्य अर्धं तोंडातच राहिलं. गिऱ्हाइकाने हातातली सुरी हळूच चादरीवर ठेवली आणि ते निघून गेलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर उपकार होतील, असं मला झालं.

गेल्या रविवारची ही गोष्ट. बंद पडलेल्या गोदामांच्या मागच्या आवारात आमच्याकडे दर रविवारी जुना बाजार भरतो. थांबलेली घड्याळं, मुके रेडिओ, जोडी फुटलेल्या कपबश्या, बिजागऱ्या, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो, तेही फ्रेमसकट. पत्र्याच्या शेडखाली शेवटच्या रांगेत आमची जागा. माझे बाबा जुन्या सुऱ्या विकतात. बंद पडलेली हॉटेलं, घर रिकामं करणारी माणसं, भंगारवाले यांच्याकडून सुऱ्या गठ्ठ्याने घ्यायच्या, गंज काढायचा, मूठ हलत असेल तर नीट बसवायची, धार लावायची आणि रविवारी मांडायच्या. गंज काढणं आणि तोंड चालवणं ही माझी कामं. बाकी सगळं बाबा बघतात.

शेजारची मांडणी लोहारकाकांची. ते जुनं विकत नाहीत, स्वतः घडवतात. त्यांच्या प्रत्येक पात्यावर मुठीजवळ छोट्या माशाचा ठसा असतो. मासेवाली सुरी म्हटलं की भले भले आचारी माना डोलावतात. बाबांची आणि त्यांची दोस्ती माझ्या जन्माच्या आधीची. सुरी हातात कशी धरायची, हे मला बाबांनी नाही, काकांनी शिकवलं.

त्या सकाळी एका मोठ्या खानावळीचा आचारी काकांकडे आला. धिप्पाड माणूस, कुजबुजला तरी फाटकापर्यंत ऐकू जावं असा आवाज. खास सांगून घडवलेली सुरी तो न्यायला आला होता. पाच मिनिटं झाली नसतील तोच तो गरजला, "चोरीला गेली म्हणजे काय? दिवसाढवळ्या?"

झालं! बघ्यांची गर्दी, ढकलाढकली. बाजाराचे मुकादम धोतरात पाय अडकल्यासारखे धावत आले, आणि ते तर पँट घालतात. त्यांनी फाटक लावायला सांगितलं आणि शेजारच्या पेट्या आधी बघू म्हणाले. त्यात गैर काही नव्हतं. बाबा नेहमीसारखे आमच्या रिकाम्या ट्रंकेवर बसले होते.

"जरा उठता का?" मुकादम अदबीने म्हणाले.

बाबा उठले नाहीत. मुकादमांनी पुन्हा विचारलं तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले. ट्रंकेच्या तळाशी, रिकाम्या गोणपाटांच्या खाली, पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक पुडकं होतं. मुकादमांनी ते सोडलं. लांब पात्याची नवीकोरी सुरी होती आणि मुठीजवळ मासा.

"हे काय आहे?"

बाबा आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "मला काही बोलायचं नाही."

या बाजारात एकच नियम सगळे पाळतात. आत चोरी केली, की जागा गेली, कायमची. मुकादमांनी घसा खाकरला. "मी बाजार उठेपर्यंत थांबतो. तोवर काय ते सांगा. नाहीतर पुढच्या रविवारी इथे दुसरं कुणी बसेल."

मी लोहारकाकांकडे पाहिलं. वाटलं, ते म्हणतील, काहीतरी घोळ झालाय, हा माणूस असला नाही. पण काकांनी तोंड फिरवलं होतं.

२

मी बाबांना शेडच्या मागे ओढूनच नेलं. माझं डोकं लवकर तापतं, आणि तापलं की मला लहान-मोठा कळत नाही.

"बाबा, कुणी ठेवली ती ट्रंकेत?"

ते चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढत राहिले.

"तुमच्या बुडाखाली होती हो! तुम्हाला न उठवता कुणी ठेवणार? भूत?"

"मला काही बोलायचं नाही म्हटलं ना."

"मला पण नाही?"

"तुला तर मुळीच नाही," ते म्हणाले आणि जाऊन पुन्हा ट्रंकेवर बसले. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघत होते, काही जण मुद्दाम दुसरीकडे बघत होते. दुसरीकडे बघणारे मला जास्त लागले.

आता मनात आलं ते सांगते, कारण ते आलं हे खरं आहे. गेलं वर्षभर आमच्या गठ्ठ्यांतली चांगली पाती गायब होत होती. मी घासूनपुसून ठेवलेली लांब, जाड, जुन्या पोलादाची पाती रविवारी चादरीवर नसायची. कुठे गेली विचारलं की बाबा म्हणायचे, विकली. कुणाला, कधी, याचं उत्तर नाही. मी कधी खोदून विचारलं नव्हतं. आता उभ्या उभ्या वाटून गेलं, की माझ्यापासून एवढं लपवणारा माणूस आणखी काय काय लपवत असेल? माझा बाप चोर असेल का? हा विचार पुरता झालाही नव्हता तोच माझे कान तापले. ज्या माणसाने भंगाराच्या गठ्ठ्यात सापडलेला चांदीचा चमचा मालकाचं घर शोधून परत नेऊन दिला, त्याच्याबद्दल मी असला विचार करते! आणि तरी तो विचार जाईना.

मग मी त्याला दुसरीकडे वळवलं. चांगली पाती कुणाला हवी असतात? जुन्या सुऱ्यांवर जीव टाकणारा आमच्या बाजारात एकच प्राणी होता. सकाळी मी चादर पसरत असताना तोच आमच्या ट्रंकेच्या मागे वाकलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

आमची पाती यानेच लांबवली असतील आणि सुरीही यानेच आत सारली असेल, असं धरून मी त्याला शोधायला निघाले.

३

त्याला सगळे भिंग म्हणतात. निवृत्त माणूस, गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं. घ्यायचं काहीच नसलं तरी दर रविवारी प्रत्येक सुरीवर नाक घासून जाणार. घेतलीच एखादी, तर अशी जपून नेणार की जणू झोपलेलं बाळ आहे.

तो रेडिओवाल्याकडे उभा होता. खांद्याला कापडी पिशवी, आणि ती त्याने बगलेत घट्ट दाबून धरलेली.

"सकाळी आमच्या ट्रंकेमागे काय करत होतात?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

तो दचकला. "मी? काही नाही."

"काही नाही कसं? मी पाहिलं ना. पिशवीत काय आहे?"

"खासगी आहे हो."

"अस्सं! माझ्या बापाला सगळ्या बाजाराने चोर ठरवलाय आणि तुमचं खासगी?" माझा आवाज चढला तशी माणसं जमली. मला तेच हवं होतं. आचारी आला, चहावाली मावशी आली, मुकादम आले. "मुकादम, सगळ्यांच्या पेट्या बघितल्यात, यांची पिशवी राहिली. बघा की!"

भिंगाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पिशवी आणखी दाबली आणि माझी खात्री झाली. मुकादमांनी हात पुढे केला. भिंगाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी स्वतःच उघडून उलटी केली.

लंगोटांचं पाकीट पडलं. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे असतात ते. मलमाची एक नळी, रबरी मोजे.

"बायकोचे आहेत," भिंग म्हणाला. "येताना घेतले. वरून दिसत होते, म्हणून सकाळी तुमच्या ट्रंकेमागे जाऊन पिशवीत नीट खाली सारले."

रेडिओवाल्याने वाकून मलमाची नळी उचलून दिली. मी पाकीट उचलायला वाकले तर भिंग म्हणाला, "राहू द्या ताई, मी उचलतो," आणि तो ताई म्हणाला त्यानेच मी मेल्याहून मेले झाले.

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, काहीतरी पुटपुटले असेन. शहाणी बाई असती तर तिथेच थांबली असती. पण बाजार उठायला फार वेळ नव्हता आणि माझा बाप अजून चोर होता.

४

चहावाली मावशी मला हाताला धरून आपल्या गाडीपाशी घेऊन गेली. "बस. आधी घोटभर चहा घे. तोंड बघ कसं झालंय."

"मावशी, तुम्ही सकाळपासून इथेच आहात. काही पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे, एक नवल पाहिलं. तुझा बाप दर रविवारी दोनदा माझ्या गाडीवर येतो, टवाळक्या करतो. आज हलला नाही. तिथूनच हाक मारली, चहा इकडे पाठव म्हणून. मी म्हटलं, राजे कधीपासून झालात?"

म्हणजे बाबा ट्रंकेवर मुद्दाम बसून होते. सुरी आत आहे हे त्यांना सकाळपासून माहीत होतं.

मावशी बोलतच होती. "दोन्ही म्हाताऱ्यांना शिंगं फुटलीत. तो लोहार बघ, माझ्या हातातून कप घेत नाही आता. टेबलावर ठेव म्हणतो. मग मी वळले की वाकून, तोंड कपाला लावून पितो. लहान मुलासारखा! एवढा कसला तोरा, मी म्हणते."

मी तेव्हा नुसती मान हलवली आणि आचाऱ्याकडे गेले. तो काकांच्या मांडणीसमोर येरझाऱ्या घालत होता. काका आत स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. त्यांच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग असायचे, नेहमीचे, एक बरा होईतो दुसरा. आज कातडी स्वच्छ दिसत होती.

"दादा, नेमकं काय घडलं ते सांगाल का?" मी आचाऱ्याला विचारलं. आता मी आवाज खाली ठेवला होता.

"सांगायचं काय त्यात? माझ्याकडे यांची एक सुरी आहे, बारा वर्षं वापरतोय. तशीच दुसरी हवी होती. गेल्या रविवारी म्हटलं यांना, की येताना जुनी घेऊन येतो, दोघी शेजारी ठेवून बघू, जुळ्या बहिणी दिसतात का. ही बघा, आणलीय." त्याने कातडी म्यानातून आपली सुरी काढून दाखवली. "आज आलो. म्हटलं, काका, दाखवा. तर म्हणाले, चोरीला गेली. मग पेटी उघडून दाखवली. रिकामी."

"थांबा. आधी चोरीला गेली म्हणाले, की आधी पेटी उघडली?"

"आधी म्हणाले. पेटी तर कडी लावून बंद होती. का हो?"

बंद पेटीतली सुरी गेली, हे पेटी न उघडता कसं कळतं?

५

सुरी मुकादमांच्या टेबलावर ठेवली होती, त्याच पिवळ्या फडक्यावर. मी बघायला मागितली. मुकादम भिंगाच्या प्रकरणानंतर माझ्यावर नाराज होते, पण नाही म्हणाले नाहीत.

आधी मी फडकं पाहिलं. तेल लावलेलं, काकांचं नेहमीचं. पात्याच्या टोकाला बूच खोचलेलं होतं, टोक मोडू नये म्हणून. मुकादमांनी सोडलेली सुतळी शेजारीच पडली होती, चार वेढे होतील एवढी. भरबाजारात सुरी लांबवणारा माणूस बूच शोधत बसत नाही. ही सुरी कुणीतरी निवांतपणे, मायेने गुंडाळली होती.

मग पातं पाहिलं. पाठीच्या कडेला, मुठीपासून चार बोटांवर, गंजाने खाल्लेला एक बारीक खळगा होता. नव्या सुरीला गंजाचा खळगा? शिवाय टाचेपाशी, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाला, धारेची रेघ किंचित आत गेलेली, वर्षानुवर्षं दगडावर घासलेल्या सुरीची जाते तशी. तो खळगा मी ओळखत होते. तो घालवायला मी एक अख्खी दुपार घासत बसले होते आणि शेवटी हरून बाबांच्या अंगावर ओरडले होते. हे पातं आमच्या गठ्ठ्यातलं होतं.

पण त्यावर मासा कसा?

"हे घ्या," मागून आवाज आला. भिंग उभा होता. गळ्यातलं भिंग काढून त्याने माझ्यापुढे धरलं. "नुसत्या डोळ्यांनी नाही दिसणार."

मला त्याच्याकडे बघवेना. मी ते घेतलं आणि माशावर धरलं. मासा सलग रेघेचा नव्हता. बारीक बारीक टिंबांचा होता. भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव घालतात ना, तसा.

ठसा कसा मारतात, हे काकांनीच मला लहानपणी दाखवलं होतं. पोलाद मऊ असतानाच ठसा ठेवायचा आणि हातोड्याचा एक घाव. मासा आत रुततो, त्यावर नख अडकतं. मग पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचं, यालाच पाणी देणं म्हणतात. एकदा पाणी दिलेलं, कडक झालेलं पातं ठसा घेत नाही. कितीही हाणा, पातं तडकेल नाहीतर ठसा. म्हणजे जुन्या, तयार पात्यावर काकांचा मासा हवा असेल, तर तो वरून कोरण्यावाचून इलाज नाही.

स्वच्छ कातडी. मांड्यांखाली दाबलेले हात. वाकून प्यालेला चहा. काकांचे हात थरथरत होते, आणि त्यांची भट्टी कधीची विझली होती.

६

"ते पातं तुम्ही दिलंत त्यांना," मी बाबांना म्हटलं. "आणि वर्षभर देताय."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल."

"ते जुन्या पात्यांवर मशीनने मासा कोरून घेतात, नवी मूठ लावतात आणि घडवलेली म्हणून विकतात. आज आचारी जुनी सुरी घेऊन येणार होता. शेजारी ठेवली असती की फरक कळला असता. म्हणून सकाळी ती तुमच्याकडे लपवायला दिली. बरोबर?"

"आणली होती द्यायलाच, इथे आल्यावर धीर सुटला. त्याला वाटलं होतं, अजून झाली नाही असं सांगेन. ऐनवेळी घाबरला. तोंडातून चोरी निघून गेलं."

"मग आता बोलायला नको त्यांनी? तुमची जागा जातेय!"

"मी दुसऱ्यांच्या सुऱ्या विकणारा माणूस," बाबा म्हणाले. "माझं नाव कुणाला ठाऊक आहे? इथे नाही तर तिथे चादर पसरेन. त्याच्याकडे त्या माशाशिवाय काय उरलंय? हात गेले, बायको गेली. तेवढं राहू दे की."

"आणि मी? चोराची मुलगी म्हणून फिरू?"

"फिर," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "हात जोडतो तुला. बोलू नकोस."

त्यांनी खरंच हात जोडले. आयुष्यात माझ्यापुढे कधी जोडले नव्हते. मला त्यांचा इतका राग आला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की दोन्हींतलं काय जास्त होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात मुकादमांची शिट्टी वाजली. बाजार उठायची वेळ झाली होती.

७

सगळे शेवटच्या रांगेत गोळा झाले. मुकादमांनी ती सुरी सोबत आणली होती. मुकादम म्हणाले, "तर मग, काही सांगायचंय?"

बाबा उठून उभे राहिले. "नाही. जागा सोडतो."

आणि मी बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं का, हे विचारू नका.

"सुरी चोरीला गेलीच नाही," मी म्हणाले. "ट्रंकेवर बाबा बसले होते, त्यांना नकळत आत कुणी काही ठेवू शकत नव्हतं, हे खरं. पण सुरी ज्या फडक्यात आहे ते काकांचं. टोकाला बूच आहे, वर सुतळी आहे. चोराला एवढी फुरसत कुठली? आणि काका आचारीदादांना चोरी झाली म्हणाले ते पेटी उघडायच्या आधी. विचारा त्यांना. सुरी काकांनी स्वतः बाबांकडे दिली."

"अरे पण का?" आचारी ओरडला. "माझीच सुरी माझ्यापासून कशाला लपवेल कुणी?"

मी काकांकडे वळले. मला शेवटची संधी द्यायची होती, त्यांना आणि मलाही. "काका, तुम्ही सांगता का?"

काका जमिनीकडे बघत राहिले.

"आचारीदादा," मी म्हटलं, "तुमच्या जुन्या सुरीवरच्या माशावर नख फिरवा. आता या सुरीवर फिरवा."

त्याने फिरवलं. जुन्या सुरीवर नख अडकलं. नव्या सुरीवर नुसतं खरखरत पुढे गेलं. त्याने पुन्हा फिरवून पाहिलं.

मग जे झालं ते मी ठरवलं नव्हतं, मला सुचलंही नव्हतं. सकाळी काकांकडून सुरी घेतलेल्या एका बाईने पिशवीतून ती काढली आणि माशावर नख फिरवलं. तिच्या शेजारच्याने आपली काढली. ज्याच्या ज्याच्याजवळ होती तो तो माशावर नख घासू लागला. चहावाली मावशी गाडीपाशी गेली, आलं कापायची आपली सुरी हातात घेतली, अंगठ्याचं नख लावलं आणि ती सुरी गुपचूप फडक्याखाली सारली. मला कळलं, की तिचीही टिंबांची आहे आणि ती कधी सांगणार नाही. बाकीचे मात्र सांगत होते, मोठमोठ्याने.

"मीच चोरली!" बाबा अचानक ओरडले. "ऐका! सुरी मी चोरली. पोरगी मला वाचवायला वाट्टेल ते बरळतेय. तिचं काही खरं धरू नका!"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी पण. पांढऱ्या केसांचा माझा बाप भर बाजारात ऊर फुटेस्तोवर ओरडून सांगत होता, की मी चोर आहे आणि माझी मुलगी खोटारडी आहे.

तेव्हा काका उठले. मांड्यांखालचे हात त्यांनी बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर धरले. हात नुसते हलत नव्हते, उडत होते. पुढे उभी असलेली बाई नकळत मागे सरली.

"तो खोटं बोलतोय," काका म्हणाले. "चोरी करणं त्याला जमत नाही. आणि सुरी करणं आता मला जमत नाही. वर्षभर त्याचीच पाती विकतोय. त्याला एवढंच म्हणालो होतो, की मुठी बसवून विकेन. मासा कोरून घेतो ते त्याला नंतर कळलं. तेव्हापासून गप्प आहे बिचारा."

"मग सकाळी का नाही बोललात?" मुकादम म्हणाले. "याची जागा जात होती की!"

"जात होती ना," काका म्हणाले. "बघत बसलो होतो. तोंड उघडेना. काय करू सांगा."

८

मुकादमांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आमची जागा आमचीच. दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. कुणीतरी म्हणालं, पोरीने बापाचं नाव राखलं. आचारी नवी सुरी काकांच्या मांडणीवर तशीच टाकून निघून गेला.

काकांच्या मांडणीपुढे सुऱ्या परत करणाऱ्यांची रांग लागली. बाबा तिकडे गेले आणि काकांच्या शेजारी उभे राहिले. प्रत्येकाच्या हातातली सुरी स्वतः घेऊन म्हणत होते, "माझंच पातं आहे, द्या इकडे." शिव्याही त्यांनीच ऐकल्या. रांगेत भिंग नव्हता. त्याच्याकडेही काकांच्या दोन सुऱ्या होत्या, मला माहीत होतं.

रांग संपल्यावर मी गेले. काय बोलायचं ते जुळवत जुळवत गेले होते. काका स्टुलावर बसले होते, हात आता लपवलेले नव्हते. मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले.

"काका, मला दुसरा रस्ता दिसला नाही हो. माफ करा."

त्यांनी मान हलवली. "माफ काय करायचं? पोरी, तू एक अक्षर खोटं बोलली नाहीस. सगळं बरोबर ओळखलंस." ते बोलत होते माझ्याशी, पण बघत होते रिकाम्या पेटीकडे. "म्हणूनच तुझ्याकडे बघवत नाही. रागावू नको."

मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, ते तरी काही बोलतील. ते परत आलेल्या सुऱ्या एकेक करून कागदात गुंडाळत होते आणि माझ्याकडे पाठ करून उभे होते.